स्विफ्ट ट्रॅकवर न्यायची: आधी गाडी खाली बसवावी की कॅम्बर वाढवावा?

रोजच्या वापरातली स्विफ्ट वर्षातून दोन-तीनदा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर न्यायची असेल, तर पैसे लोअरिंग स्प्रिंगवर (गाडी खाली बसवणाऱ्या कडक स्प्रिंगवर) घालावेत की कॅम्बरवर, म्हणजे समोरून पाहता चाकाच्या तिरकेपणावर? माझं मत स्पष्ट आहे: आधी कॅम्बर. इथे कॅम्बर वाढवणं म्हणजे तो निगेटिव्ह करणं, चाकाची वरची बाजू आत झुकवणं; त्यामुळे वळणात गाडी झुकली तरी टायर रस्त्यावर सपाट टेकतो.

लोअरिंग स्प्रिंगचे फायदे खरे आहेत. वजन खाली येतं, कडकपणामुळे झुकणं कमी होतं. पण स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (चाकाला धरणारा, शॉक अब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र असलेला उभा खांब) आहे आणि खरी गोम तिथेच आहे. गाडी 40 मिलिमीटर खाली आणली की लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आडवा होतो, कधी चाकाकडचं टोकच वर जातं. मग वळणात स्प्रिंग दबताना जो निगेटिव्ह कॅम्बर मिळायला हवा, तो मिळेनासा होतो. रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणात झुकते) तर गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त घसरतं. दोघांमधलं अंतर वाढलं की गाडीला झुकवणारा जोर वाढतो आणि कडक स्प्रिंगची बरीच कमाई तिथेच संपते. टाय रॉडचा (स्टिअरिंग आणि चाक जोडणाऱ्या दांड्याचा) कोन बदलल्यामुळे ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर चाक गेलं की स्टिअरिंग ओढ घेतं. लांब पिनचे बॉल जॉइंट टाकून हे सावरता येतं, पण तो वेगळा खर्च.

कॅम्बर वाढवायचे दोन मार्ग. स्विफ्टचा स्ट्रट नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टनी धरलेला असतो, त्यामुळे त्यातला एक काढून तिथे कॅम्बर बदलू देणारा खास कॅम्बर बोल्ट बसतो. स्वस्तात साधारण एक ते दीड अंश मिळतो. मात्र टायर स्ट्रटच्या जवळ येतो आणि बोल्ट सरकण्याची धास्ती राहते. टॉर्क रेंचनेच आवळा, वर रंगाची खूण करा. स्ट्रटच्या वरच्या टोकाला बसणाऱ्या कॅम्बर प्लेटने उणे अडीच अंशांपर्यंत जाता येतं, पण रबर माउंटच्या जागी बेअरिंग आल्यावर खड्ड्याखड्ड्याला ठक् आवाज येतो. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला मी बोल्टच सुचवेन.

टायरची आतली कड झिजेल ही भीती अनेकांना असते. प्रत्यक्षात टायर जास्त खातो तो बिघडलेला टो (वरून पाहता चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन). कॅम्बर हलवला की टोही हलतो, म्हणून त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्या. जास्त कॅम्बरने सरळ ब्रेकिंगला पकड थोडी घटते, हे मात्र खरं.

पहिल्या सेशननंतर पुढच्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावर बोट फिरवून बघा. अनेक टायरांच्या साइडवॉलवर तिथे छोटा त्रिकोण असतो. घासल्याची खूण त्या त्रिकोणाच्याही खाली उतरली असेल, तर आधी हवेचा दाब तपासा. दाब बरोबर असेल तर कॅम्बर अजून कमी पडतोय. ती खूण वर सरकेपर्यंत स्प्रिंगचे पैसे ब्रेक पॅड आणि चांगल्या ब्रेक फ्लुइडला लावा.