चिमुकल्यासोबत शेतावर एक दिवस: कृषी पर्यटन केंद्र की ओळखीच्यांचं शेत?

शहरात वाढणाऱ्या मुलाला दिवसभरासाठी शेतावर न्यायचं म्हटलं की पर्याय बहुधा दोनच असतात. एक, पाहुण्यांसाठीच सजवलेलं कृषी पर्यटन केंद्र; दुसरा, ओळखीच्या कुणाचं तरी राबतं शेत. शाळकरी मुलं दोन्हीकडे रमतात. मूल दीड-दोन वर्षांचं असेल तर मात्र निवड विचारपूर्वक करावी.

केंद्रावरचा दिवस आखलेला असतो. आधी शेळ्यांना चारा, मग ट्रॅक्टरची फेरी, मग आणखी काही. एवढ्याशा मुलाला हे मानवत नाही. ते मुंग्यांच्या रांगेपाशी उकिडवं बसतं आणि हलायला तयार नसतं. उचलून पुढे नेलं की रडारड. ओळखीच्या शेतावर ही घाई नाही. धारा मात्र सकाळी लवकर आणि संध्याकाळी काढतात, त्यामुळे भर दुपारी पोचलात तर गाई रवंथ करत बसलेल्या दिसतील. तेही मुलाला मन भरून बघू द्या: गळ्यातून गोळा वर येतो, जबडा आडवा फिरायला लागतो, मधेच थांबतो, गोळा खाली उतरतो, क्षणभराने दुसरा वर.

जनावरांच्या जवळ जायचं तर केंद्र सरस. तिथली जनावरं माणसांना सरावलेली असतात, मधे कुंपण असतं. राबत्या शेतावर नुकती व्यालेली गाय, पिल्लांची कोंबडी, राखणीचा कुत्रा यांना परकं माणूस सहसा खपत नाही. सोबत कुणी गरोदर असेल तर तिने व्यायला झालेल्या किंवा नुकत्या व्यालेल्या शेळ्या-मेंढ्यांपासून लांबच राहावं, मग शेत कुठलंही असो.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हात धुणं. धडधाकट दिसणाऱ्या गाई-शेळ्यांच्या शेणात आणि लेंड्यांतही ई. कोलाय या जिवाणूचा घातक प्रकार असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या मूत्रपिंडांना त्याचा धोका जास्त. केंद्र आहे म्हणून निर्धास्त राहू नये: २००९ साली इंग्लंडमधल्या सरे परगण्यात पाहुण्यांसाठी खुल्या असलेल्या एका शेतावरून ९३ जणांना लागण झाली, त्यात बहुतांश लहान मुलं होती. सॅनिटायझर इथे पुरेसं नाही. साबण आणि वाहतं पाणीच हवं. चोखणी आणि पाण्याची बाटली जनावरांजवळ नेऊच नका, पिशवीत बंद ठेवा. यजमानांनी प्रेमाने धारोष्ण दूध पुढे केलं, तरी मुलाला उकळलेलंच द्या. परतल्यावर आठवडा-दहा दिवसांत जुलाब झाले, विशेषतः रक्त पडलं, तर शेतावर गेल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पाण्याचं भय राबत्या शेतावर जास्त. जनावरांचा हौद, उघडी टाकी, विहीर, पाट. वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं आणि बहुतेकदा आवाजही होत नाही. शिवाय अवजारं, फवारणीची औषधं, विजेचं कुंपण.

दुपारच्या झोपेला ओळखीचं घरच बरं. सावलीतली शांत खोली मिळाली तर संध्याकाळ सुखाची जाते. केंद्रावर अशी जागा मिळेलच असं नाही. प्रवास मात्र दोन्हीकडे जाताना सारखाच नडतो, म्हणून त्यातल्या त्यात जवळचं शेत निवडा आणि वाटेत थांबत जा.

माझं मत असं: मोठी माणसं दोन किंवा जास्त असतील आणि त्यातलं एक जण दिवसभर फक्त मुलामागे राहणार असेल, तर ओळखीचं शेत. एकट्यानेच मूल सांभाळायचं असेल, किंवा सोबत दुसरं मूलही असेल, तर केंद्र. तिथेही दोनच गोष्टी निवडा, बाकीच्या खुशाल सोडा. निघण्याआधी फोनवर तीन प्रश्न विचाराच: विहिरीला आणि टाकीला झाकण आहे का, गोठ्याजवळ साबण आणि नळ आहे का, कुत्रा बांधलेला असेल का. यजमान जवळचे असले तरी हे विचारायला संकोचू नका. यातल्या एकाचंही उत्तर 'नाही' आलं आणि तोवर सोय होण्यासारखी नसेल, तर ते शेत मूल थोडं मोठं झाल्यावर.