महिन्याला तीनशे येन आणि एका आयडॉलचे सल्ले: वर्षभराच्या वापरानंतर

फोन बदलला आणि माझ्या लेकीला वर्षभर आलेले मेसेज गेले: जपानी आयडॉल गटातली, म्हणजे नाचगाणी करणाऱ्या लोकप्रिय मुलींच्या गटातली, एक मुलगी पैसे भरणाऱ्या चाहत्यांना ॲपवरून पाठवते ते. जुना फोन पाण्यात पडून बंद पडला, आयफोनऐवजी अँड्रॉइड घेतला, लॉगिन केलं, तर पान कोरं. पैसे कापले जातायत, मेसेज एकही दिसत नाही. मदत केंद्राला लिहिलं. छापील उत्तर आलं: खरेदीचा क्रमांक पाठवा. पाठवला. पुन्हा तेच छापील उत्तर: खरेदीचा क्रमांक पाठवा. जपानीत पत्रव्यवहार करणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे भाषेची अडचण म्हणून कुणी हात झटकू नयेत. शेवटी स्टोअरची पावती आणि कार्डाचं स्टेटमेंट जोडून कडक शब्दांत लिहिलं, तेव्हा सदस्यत्व नव्या फोनवर आलं. मजकूर परत आला, फोटो परत आले. आवाजाचे मेसेज आले नाहीत, आणि आम्हाला हवे होते ते तेच.

गटाचं आणि त्या मुलीचं नाव लिहीत नाही. आतला मजकूर बाहेर टाकायला ॲपच्या अटींत मनाई आहे, आणि ती मला योग्य वाटते. खाली जे सल्ले सांगते आहे ते माझ्या शब्दांत. बाकी ॲप असं असतं: गटातल्या एका मेंबरमागे एक सदस्यत्व, महिन्याला तीनशे येनच्या आसपास, म्हणजे साधारण पावणेदोनशे रुपये. तिच्याकडून मजकूर, फोटो आणि आवाज येतो. आपण पाठवायचं ते पत्र, त्याच्या सजवलेल्या कागदाचे पैसे वेगळे.

आम्ही टोकियोतल्या निशी-कासाईला राहतो. इथले बरेच मराठी आईवडील मुलांना भारतीय शाळेत घालतात. आम्ही लेकीला पहिल्यापासून सरकारी जपानी शाळेत घातलं. आता ती चुगाक्कोच्या, म्हणजे सातवी ते नववीच्या शाळेच्या, दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे आपली आठवी. तिचा अभ्यास मी घेऊ शकते. पण शाळेत चार माणसांत कसं वागायचं, हे मी तिला सांगू शकत नाही. मी साताऱ्यात शिकले. पाचवीत जो वर्ग मिळाला तोच दहावीपर्यंत. इथे दर एप्रिलला वर्ग मोडून नवे करतात आणि जिवाभावाची मैत्रीण दुसऱ्या मजल्यावर जाते. क्लबमध्ये एका वर्षानं मोठी असलेली मुलगीसुद्धा सेनपाई, म्हणजे वरिष्ठ, तिच्याशी बोलायची रीत वेगळी. यातलं काहीही माझ्या अंगवळणी पडलेलं नाही. तिच्या बाबांच्याही नाही.

म्हणून लेकीनं हे ॲप मागितलं तेव्हा मी आधी सरळ नाही म्हटलं होतं. माझा मोठा आक्षेप होता तो नावाचा. सदस्य होताना टोपणनाव भरायचं, आणि ती मुलगी मेसेज लिहिताना एक खूण टाकते, तिथे ज्याच्या-त्याच्या फोनवर ज्याचं-त्याचं नाव उमटतं. हजारो मुलांना एकाच वेळी आपापल्या नावानं हाक. बारा-तेरा वर्षांच्या पोरीला रात्री साडेदहाला तिच्या नावानं ‘आज दमलीस ना’ असा मेसेज यावा आणि तो यंत्रानं चिकटवलेल्या नावाचा असावा, हे मला पटत नव्हतं. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. टोपणनाव भरण्याच्या पानावर ‘हे नाव आपोआप भरलं जातं’ अशी एक ठळक ओळ टाकायला कंपनीला काय खर्च येतो? अटींच्या लांबलचक पानात ती माहिती आहे. तेरा वर्षांचं मूल अटी वाचतं का? मी लेकीला जवळ बसवून हे समजावलं. ती म्हणाली, “आई, ते सगळ्यांना माहीत असतं गं.” तरी माझा मुद्दा कायम आहे. तिला माहीत होतं, दहा वर्षांच्या मुलीला असेलच असं नाही.

शेवटी एकच मेंबर, एकच सदस्यत्व आणि पत्राचे कागद विकत घ्यायचे नाहीत या अटींवर सुरू केलं.

सल्ल्यांबद्दल माझं मत बदललं ते एप्रिलमध्ये. नव्या वर्गात पहिले काही दिवस हजेरी क्रमांकानं बसवतात, आणि तो क्रमांक जपानी वर्णक्रमानं लागतो. आमचं आडनाव ‘कु’नं सुरू होतं, म्हणजे पुढे कुणी किमुरा, मागे कुणी कोबायाशी असा प्रकार. लेक आदल्या रात्री जेवलीच नाही. त्या रात्री आलेल्या मेसेजमध्ये त्या मुलीनं लिहिलं होतं की पहिल्या दिवशी मैत्रिणी जमवायच्या भानगडीत पडू नका. शिक्षक छापील कागद देतात ते पुढून मागे सरकवायचे असतात ना, तेव्हा हात नुसता खांद्यावरून मागे नेऊ नका. पूर्ण वळा, मागच्या मुलीकडे बघा आणि ‘हाय’ म्हणून हातात द्या. दिवसात पाच-सहा वेळा कागद येतात, एवढं पुरे.

मी एमए मानसशास्त्र आहे. हा सल्ला मला सुचला नसता, कारण आमच्या वर्गात कागद असे कधी फिरलेच नाहीत. सल्ला त्या खोलीतला होता, त्या बाकांवरचा होता. मागे बसणारी मुलगी आता आमच्याकडे थालीपीठ खायला येते.

दुसरा सल्ला लाइन या इथल्या मेसेजिंग ॲपवरच्या ग्रुपचा. मेसेज वाचला की समोरच्याला ‘वाचला’ दिसतं आणि मग उत्तर दिलं नाही म्हणून रुसवेफुगवे. त्या मुलीनं सांगितलं की नऊ वाजता फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावते, सकाळी उत्तर देते आणि उशिराबद्दल माफी मागत नाही, कारण माफी मागितली की उशीर हा गुन्हा ठरतो. मी हेच, फोन बाहेर ठेव, किती काळ सांगत होते. माझं ऐकलं नव्हतं. तिचं ऐकलं. मला त्याचा राग आला नाही, फोन बाहेर राहिला हे महत्त्वाचं.

परीक्षेच्या आठवड्यात त्या मुलीनं स्वतःच्या जुन्या वहीचा फोटो टाकला होता: लाल पेनानं लिहिलेली उत्तरं आणि त्यावर लाल प्लास्टिकचा पारदर्शक कागद, ज्याखाली लाल अक्षरं दिसेनाशी होतात. इथली सगळी मुलं तो वापरतात. तिनं पुढचं सांगितलं: कागद सरकवून पाठ झालं असं वाटलं की तेच स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा आणि शाळेच्या वाटेवर ऐका. लेकीनं इतिहास तसाच केला. पोहण्याच्या तासाला पाळी आली तर शिक्षकांना काय सांगायचं, कुठल्या शब्दांत, हेही त्या मुलीनं एका मेसेजमध्ये न लाजता लिहिलं होतं. मोठ्या बहिणीनं सांगावं तसं. आमच्या लेकीला मोठी बहीण नाही.

आवाजाचे मेसेज महत्त्वाचे ते यासाठी. लिहिलेला सल्ला मी पण वाचते, पण ती बोलते तेव्हा मध्ये थांबते, शब्द शोधते, स्वतःची चुकलेली ऑडिशन सांगताना तिचा आवाज खाली येतो. लेक ते परत परत ऐकायची. कंपनीनं तेवढेच गमावले, आणि त्याबद्दल एक महिन्याचे पैसेसुद्धा परत दिले नाहीत.

आता न आवडलेलं. शूटिंगच्या आधी रात्री नुसतं सूप पिऊन झोपते असा एक मेसेज आला. त्या दिवशी मी सदस्यत्व बंद करायला निघाले होते. वाढत्या वयाच्या हजारो मुली वाचतायत आणि रात्रीचं जेवण टाळण्याची गोष्ट सहज सांगितली जाते, हे चालणार नाही. मेसेज पाठवण्याआधी ऑफिसातलं कुणी मोठं माणूस बघतं की नाही? काही काळानं तिनंच सरावाआधी भात खाल्ला नाही तर चक्कर येते असं लिहिलं, ओनिगिरीचा, म्हणजे भाताच्या मुटक्याचा, फोटो टाकला. तेव्हा मी थांबले. पण खाण्याच्या बाबतीत आयडॉलचा सल्ला घेऊ नये, हे मी लेकीला आणि तुम्हालाही स्पष्ट सांगते.

प्रेमाच्या प्रश्नांवर ती बोलतच नाही, आणि त्यात दोष तिचा नाही. या धंद्यात प्रेम करायला मनाई असल्याचा अलिखित दंडक आहे. २०१३ मध्ये साप्ताहिकात प्रेमप्रकरणाची बातमी छापून आल्यावर एकेबी४८ या आयडॉल गटाच्या मिनेगिशी मिनामीनं डोकं भादरून व्हिडिओवर रडत माफी मागितली होती. तेव्हा ती वीस वर्षांची होती. तो व्हिडिओ मी पाहिला आहे आणि विसरलेले नाही. ज्या मुलींना स्वतःला मोकळेपणानं कुणावर जीव लावता येत नाही, त्यांनी इतर मुलींना कोणता सल्ला द्यावा?

पैसे द्यायचे नसतील तर रेडिओ आहे. टोकियो एफएमवर ‘स्कूल ऑफ लॉक!’ ऑक्टोबर २००५ मध्ये सुरू झाला, सोमवार ते शुक्रवार रात्री दहाला. सूत्रसंचालक मुख्याध्यापक, ऐकणारी मुलं विद्यार्थी. मूल आपली अडचण लिहून पाठवतं आणि स्टुडिओतून त्याला उलट फोन येतो. हिरोशिमाहून आलेल्या पर्फ्युम या तिघी गायिकांच्या गटाचं त्यात अनेक वर्षं स्वतंत्र सदर होतं. मला तो फोनचा भाग फार आवडतो, कारण तिथे मूल बोलतं, अडखळतं, रडतं आणि समोरचा ऐकतो. मेसेज ॲपमध्ये मूल फक्त वाचतं. आयडॉलशी हस्तांदोलन करण्याच्या कार्यक्रमात तर सीडी विकत घेऊन काही सेकंद मिळतात, त्यात अडचण सांगून होत नाही.

आणि इथे माझी खरी तक्रार येते. हरवलेल्या आवाजांपेक्षा मोठी.

ऑगस्ट संपताना, शाळा सुरू व्हायच्या आधी, त्या मुलीनं लिहिलं की ज्यांना शाळेत जायची भीती वाटते त्यांनी मला पत्र पाठवा, मी वाचते. तिच्या मनाबद्दल मला शंका नाही. पण जपानमध्ये तो आठवडा नाजूक असतो. २०१५ मध्ये सरकारनंच सुमारे चाळीस वर्षांच्या नोंदी मांडल्या: अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आत्महत्या वर्षात सर्वांत जास्त होतात त्या १ सप्टेंबरच्या आसपास. त्याच ऑगस्टमध्ये कामाकुरा शहराच्या ग्रंथालयानं ट्विटरवर लिहिलं होतं की शाळा इतकी नकोशी झाली असेल तर आमच्याकडे या, दिवसभर बसलात तरी कुणी काही बोलणार नाही. शिक्षण मंत्रालयाच्या आकड्यांनुसार २०२३ च्या शैक्षणिक वर्षात प्राथमिक शाळा आणि चुगाक्को मिळून ३,४६,४८२ मुलं तीस किंवा अधिक दिवस शाळेत गेली नव्हती.

अशा वेळी एखादं मूल कागदाचे पैसे भरून त्या मुलीला पत्र लिहितं. हजारो पत्रांत ते कधी वाचलं जाईल? वाचलं तरी त्या एका मुलाला उत्तर पाठवायची सोयच ॲपमध्ये नाही. विशीतल्या मुलीनं, दिवसभर नाचून आल्यावर, हे ओझं एकटीनं का उचलावं? पत्राच्या पानावर फुलांचे, मांजरांचे कागद निवडायला तीन ओळी चित्रं आहेत. तिथे एका ओळीत नंबर का नाहीत? अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी चाइल्ड लाइन, ०१२०-९९-७७७७, दुपारी चार ते रात्री नऊ. शिक्षण मंत्रालयाची चोवीस तासांची एसओएस लाइन, ०१२०-०-७८३१०. दोन्ही फुकट. आपल्याकडे १०९८ मुलांच्या तोंडी असतो. इथे मी लेकीच्या वर्गातल्या मैत्रिणींना विचारलं, शाळेत वाटलेल्या कार्डावर हे नंबर होते एवढं त्यांना आठवत होतं, पण कार्ड कुठे आहे ते एकीलाही सांगता आलं नाही. फोन मात्र प्रत्येकीच्या हातात होता.

ज्यांना सदस्यत्व घ्यायचं आहे त्यांनी जरूर घ्या, एकाच मेंबरचं घ्या. चुगाक्कोतल्या मुलीला कागद मागे कसा द्यायचा हे सांगणारं माणूस आपल्या मराठी घरांत नसतं, ते तीनशे येनमध्ये मिळतं. नोंदणी मुलाच्या नव्हे, तुमच्या ईमेलवर करा. आवाजाचे मेसेज घरात दुसऱ्या उपकरणावर वाजवून स्वतःपुरते रेकॉर्ड करून ठेवा, बाहेर टाकू नका. पत्र लिहायचंच असेल तर टपालानं एजन्सीच्या पत्त्यावर पाठवा. ऑक्टोबर २०२४ पासून साध्या पत्राला ११० येनचं तिकीट लागतं, आणि हातानं लिहिलेलं पत्र मुलं जास्त विचार करून लिहितात. मेंबर गटातून ग्रॅज्युएट झाली, म्हणजे गट सोडून गेली, की मेसेजही थांबतात, तेव्हा सदस्यत्व रद्द झालंय ना ते स्टोअरमध्ये जाऊन बघा. ॲप काढून टाकल्यानं पैसे थांबत नाहीत.

सल्ल्यांना माझ्याकडून पाचपैकी चार तारे, एक सूपचा कापला. कंपनीला एक. हे दोन नंबर पत्राच्या पानावर टाका, असं मी त्यांना सविस्तर लिहिलं आहे आणि या वेळी खरेदीचा क्रमांक आधीच जोडला आहे. अजून छापील उत्तरसुद्धा आलेलं नाही. आलं की इथेच खाली लिहीन.