पुण्याच्या हवेत ओकची जमीन: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

बेडरूम आणि अभ्यासाची खोली, एवढ्या दोनच खोल्यांत आम्ही ओकचं फ्लोअरिंग केलं. जानेवारीत बसवलं, म्हणजे आता कडक उन्हाळाही झाला आणि अख्खा पावसाळाही. मी समाधानी आहे. मात्र दुकानात फक्त रंग बघून फळी उचलली असती, तर असं समाधानाने लिहिता आलं नसतं.

'ओक' म्हणून दुकानात तीन निरनिराळ्या वस्तू दाखवतात. लॅमिनेटमध्ये खाली लाकडाच्या दाबलेल्या तंतूंचा एचडीएफ बोर्ड आणि वर लाकडाचं चित्र छापलेला कागद असतो. सॉलिड म्हणजे सबंध लाकडाची फळी. इंजिनिअर्डमध्ये खाली प्लाय आणि वर खऱ्या ओकचा थर. पुण्यात सॉलिडच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या खोलीतला हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारं यंत्र) एप्रिलच्या दुपारी २५ टक्क्यांखाली उतरतो आणि जुलैत ८० च्या वर चढतो. लाकडाला साधारण ४० ते ६० टक्के दमट हवा मानवते. ओलावा वाढला की फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच. आमच्या इंजिनिअर्डमध्ये प्लायचे थर एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे ते एकमेकांना धरून ठेवतात आणि हे फुगणं बरंच आवरलं जातं. मे महिन्यात दोन फळ्यांमध्ये बारीक रेघेइतकी फट दिसायला लागली होती. पाऊस सुरू झाल्यावर ती आपोआप मिटली. कुठेही फळी उचकटली नाही.

इंजिनिअर्ड घेतानाही वरचा ओक किती मिलिमीटरचा आहे, हे विचाराच. एकूण जाडी १४ मिमी असली तरी तो थर कधी जेमतेम ०.६ मिमी असतो, कधी ४. पातळ थर पुढे घासून नव्याने पॉलिश करता येत नाही. आम्ही ३ मिमीचा घेतला. पैसे लॅमिनेटच्या तिपटीहून जास्त गेले, पण निदान एकदा तरी घासून ही जमीन पुन्हा नवी करता येईल.

बसवण्याचं काम जुन्या टाइल्सवरच झालं: खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर अंडरले म्हणजे फळ्यांखालचा पातळ मऊ थर, मग फळ्या. बंद खोकी तीन दिवस त्याच खोलीत ठेवून मग उघडली. भिंतीलगत सगळीकडे १० मिमी जागा सोडायला लावली. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. इथे कारागीर घाई करतात, तेव्हा स्वतः उभं राहून बघा. लाकडाला सरकायला जागा मिळाली नाही, तर पावसाळ्यात जमीन मधोमध फुगून वर येते. टाइल्सवर नवा थर आल्याने जमीन उंच झाली, त्यामुळे दारं मात्र खालून कापावी लागली.

फिनिश आम्ही ऑइलचं घेतलं. लॅकरवर, म्हणजे वर कडक थर धरणाऱ्या पॉलिशवर, डाग कमी पडतात, पण एकदा ओरखडा गेला की तेवढीच जागा दुरुस्त करणं कठीण. ऑइल असेल तर तेवढ्या भागावर हलकं घासून पुन्हा तेल लावलं की भागतं. खुर्च्यांच्या पायांना फेल्ट लावून घ्या. आपल्याकडे चपला दाराबाहेर काढतात, त्याचा इथे मोठा फायदा होतो, कारण लाकडी जमिनीचा खरा शत्रू तळव्याला चिकटून येणारी वाळू.

दुसरा शत्रू पाणी आणि लोखंड एकत्र आलं की समजतो. कुंडीच्या लोखंडी स्टँडचा पाय ओला राहिला आणि सकाळी तिथे निळसर काळा डाग. ओकमध्ये टॅनिन नावाचं तुरट द्रव्य भरपूर असतं आणि ओल्या लोखंडाशी ते काळा रंग धरतं. हिरडा आणि लोखंड वापरून कलमकारीतला काळा करतात, त्यामागेही हेच रसायन. ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने डाग निघाला, मग त्या जागी तेल लावलं. आता स्टँडला रबरी बूट आहेत. पुसायला येणाऱ्या मावशींना घट्ट पिळलेलं फडकं वापरायला सांगितलंय. बादलीभर पाण्याने पुसायची सवय या दोन खोल्यांत चालत नाही. त्यांनीच एकदा गालिचा उचलून दाखवलं की खालचा ओक फिका राहिलाय आणि बाकीचा उन्हाने मधाळ झालाय. तेव्हापासून गालिचा अधूनमधून सरकवतो.

सागवान का नाही, असं घरी येणारे सगळे विचारतात. कडकपणात सागवान आणि युरोपियन ओक जवळपास सारखेच. वाळवी आणि दमट हवा या दोन्हींत सागवान नक्कीच सरस, आणि बाल्कनीलगतच्या खोलीत मी तेच घेईन. आमच्या खोल्यांना उजेड कमी आहे. ओकच्या फिक्या रंगाने त्या उजळल्या. डिसेंबरात टाइलवर पाय ठेववत नाही, तसं इथे होणार नाही, हा आनंद अजून यायचाय.

स्वयंपाकघर आणि हॉलमध्ये टाइलच राहू देणार आहे. लेकीच्या खोलीत मात्र हीच फळी घालायची ठरलीय, दिवाळीनंतर. पावसात त्या खोलीची एक भिंत ओलावते. ती दुरुस्त होऊन कोरडी झाल्याशिवाय एकही खोकं घरात येणार नाही.