घडीचा लाइट बॉक्स: चांदीपुढे उघडा पडतो

फोटो काढण्यासाठी वस्तू आत ठेवायचा ४० सेंटिमीटरचा एलईडी लाइट बॉक्स घड्याळ, चष्मा, अडकित्ता अशा लहान वस्तूंना पुरतो. २० सेंटिमीटरहून उंच काही ठेवलं की बॉक्सच्या कडा फोटोत डोकावतात. खरी पंचाईत चांदीच्या वाटीची. वरच्या पट्टीतला एकेक दिवा तिच्यावर ठिपक्यासारखा उमटतो. पट्टीखाली ५ सेंटिमीटरवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा, ठिपके विरघळतात. पांढऱ्या पार्श्वभूमीला फसून कॅमेरा फोटो करडा काढतो, म्हणून कॅमेऱ्यात एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +०.७ ते +१ ठेवा. खोलीतले दिवे बंदच हवेत, नाहीतर एका बाजूला पिवळी झाक येते. डिमर शोभेचाच: प्रकाश कमी केला की फोटोत पट्टे येऊ लागतात. सोबतचा पार्श्वभूमीचा प्लास्टिकचा पडदा घडी घालून येतो, सुरकुती जात नाही. त्याऐवजी ड्रॉइंग पेपर वापरा.