व्हिएन्नात मुक्काम कुठे करावा? ओटाक्रिंगमधल्या काही महिन्यांनंतर

कामानिमित्त ऐन थंडीपासून पार दिवाळीच्या तोंडापर्यंत व्हिएन्नात राहणं झालं. घर होतं सोळाव्या जिल्ह्यात, ओटाक्रिंगला. त्या काळात पुण्याहून आई-बाबा, मग मावशीचं कुटुंब, मग नवऱ्याचे कॉलेजमधले मित्र असे पाहुणे येत राहिले आणि प्रत्येकासाठी शहराच्या वेगळ्या भागात जागा शोधून झाली. आता पुढच्या उन्हाळ्याचे बेत आखणारे विचारू लागलेत, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते: युरोपात एकाच ठिकाणी तळ ठोकून आजूबाजूला फिरायचं असेल तर व्हिएन्ना घ्या, आणि व्हिएन्नात मध्यभागी राहू नका.

आधी शहराचं. आपल्याकडचे बहुतेक जण पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली असं बारा दिवसांत उरकतात आणि त्यातला निम्मा वेळ बॅगा भरण्यात जातो. व्हिएन्नातून ब्रातिस्लावा रेल्वेने तासाभरावर आहे. बुडापेस्ट आणि साल्झबुर्ग अडीच तासांच्या आसपास, प्राग साधारण चार. सकाळी निघून रात्री घरी, बॅग खोलीतच. ही सगळी शहरं शेंगेन या सामाईक व्हिसाच्या युरोपीय देशगटात येतात, त्यामुळे व्हिसा एकच लागतो. अर्ज मात्र जिथे सर्वांत जास्त मुक्काम असेल त्या देशाकडे करायचा असतो, म्हणजे तळ कुठे टाकायचा हे आधी ठरवायलाच हवं. हंगेरी (बुडापेस्ट) आणि चेक प्रजासत्ताकात (प्राग) युरो हे चलन नाही, एवढं जाताना ध्यानात ठेवा.

आता भाग कसा निवडायचा. व्हिएन्नाचे २३ जिल्हे आहेत आणि पत्त्यातल्या पिनकोडचे मधले दोन आकडे म्हणजे जिल्ह्याचा क्रमांक. १०१० म्हणजे पहिला, ११६० म्हणजे सोळावा. जाहिरातीत ‘सेंटरजवळ’ असं काहीही लिहिलेलं असो, पिनकोड खोटं बोलत नाही. पहिल्या जिल्ह्याभोवती रिंग हा रस्ता आहे. एकोणिसाव्या शतकात शहराचा तट पाडून त्या जागी तो केला. त्याच्या बाहेर आणखी एक मोठा रस्ता आहे, गुर्टेल. तोही एका तटाच्याच जागी आहे आणि त्या बाहेरच्या तटावर आत येणाऱ्या मालाची जकात घेतली जायची. साहजिकच तटाबाहेर खाणंपिणं स्वस्त, म्हणून कामगारवस्ती तिथे वाढली. ओटाक्रिंग हा त्यातलाच भाग. तट जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी गुर्टेल ओलांडला की भाडं उतरतं आणि भाजीही.

भाजीवरून ब्रुनेनमार्क्टवर यायलाच हवं, कारण मी हा भाग सुचवते त्याचं निम्मं कारण हा बाजार आहे. अख्ख्या रस्त्यावर भरणारा, सोमवार ते शनिवार चालणारा लांबच लांब बाजार. विक्रेते बरेचसे तुर्की आणि बाल्कनकडचे. कोथिंबिरीची जुडी, भेंडी, वांगी, हिरव्या मिरच्या, मसुराची डाळ, छोले, सगळं मिळतं. सुपरमार्केटमध्ये कोथिंबीर कुंडीतल्या रोपासारखी प्लॅस्टिकात बसलेली असते आणि चार पानांचे पैसे मोजावे लागतात. इथे मुळांसकट, माती लागलेली जुडी हातात येते. शनिवारी दुपारी बाजार आवरायच्या वेळी गेलात तर टोमॅटोचं, जर्दाळूचं अख्खं खोकं ‘एक युरो, एक युरो’ ओरडत विकतात. मावशीने पहिल्याच दिवशी हातवारे करून भाव पाडला आणि वर दोन लिंबं मागून घेतली. विक्रेता हसत हसत तिला ‘आंटी’ म्हणाला. बाजाराच्या टोकाला युप्पेनप्लाट्झ नावाचा चौक आहे. तिथे शनिवारी आसपासचे शेतकरीही येतात आणि कॉफी पीत तासन्‌तास बसता येतं. कढीपत्ता, पोहे, हिंग असलं खास आपलं हवं असेल तर सातव्या जिल्ह्यातल्या प्रोझी या दुकानात मिळेल. बुर्गगासे-श्टाटहाले स्टेशनवरून चालत जाता येतं.

शाकाहारी मंडळींनी स्वयंपाकघर असलेली जागाच घ्यावी, कारण रविवारी दुकानं बंद असतात. बंद म्हणजे खरोखर बंद. शनिवारी संध्याकाळी सहालाच शटर पडतात. रविवारी हाउप्टबानहोफ (मुख्य रेल्वे स्टेशन), वेस्टबानहोफ, प्राटरश्टेर्न अशा मोठ्या स्टेशनांतली सुपरमार्केटं उघडी असतात, पण तिथे दुधासाठीही लग्नाच्या पंगतीइतकी गर्दी. पाणी विकत घेऊ नका. नळाचं पाणी आल्प्समधल्या झऱ्यांवरून थेट येतं. पहिली वाहिनी १८७३ची, दुसरी १९१०ची. बाबा आधी उकळून पीत होते, आठवड्याभरात नळाखाली बाटली धरायला लागले.

ओटाक्रिंगमधली ये-जा: नकाशावर यू-६ मेट्रो जवळ दिसते म्हणून खूश होऊ नका. ती गुर्टेलवरून उत्तर-दक्षिण जाते, मध्यभागात शिरतच नाही. तिचा वरून जाणारा मार्ग आणि जुनी स्टेशनं ओट्टो वाग्नर या वास्तुविशारदाची, बघण्यासारखी आहेत. योसेफश्टेटर श्ट्रासे स्टेशनाखाली उभं राहून वर नक्की बघा. पण रोजच्यासाठी ट्राम बरी. ४४ नंबर रिंगवरच्या शोटेनटोरला नेते, ४६ नंबर रिंगजवळ सोडते, दोन्ही पाऊण तासाच्या नव्हे, पंधरा-वीस मिनिटांच्या गोष्टी आहेत. शिवाय खिडकीतून शहर दिसतं. पश्चिमेकडे राहिलात तर यू-३चं शेवटचं स्टेशन ओटाक्रिंगच आहे आणि ती मेट्रो सरळ शहराच्या मध्यावरच्या श्टेफान्सप्लाट्झ चौकाला जाते. शुक्रवारी आणि शनिवारी मेट्रो रात्रभर चालते.

आता न आवडलेलं. गुर्टेल म्हणजे अनेक पदरी वाहता रस्ता, अधूनमधून रेल्वेच्या कमानींत पब आणि काही ठिकाणी रात्री नको ते दिवे. मावशीसाठी घेतलेल्या जागेच्या जाहिरातीत ‘शांत खोली’ असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात खिडकी थेट गुर्टेलवर. घरमालकाला कळवलं तर म्हणाला, खिडकी लावून घ्या की. जुलैमध्ये! जुन्या इमारतींत एसी नसतो, खिडक्या दुहेरी काचांच्या आणि भिंती जाड असतात. त्या थंडीत ऊब धरतात, पण उन्हाळ्याची लाट आली की रात्रीसुद्धा गारवा आत येत नाही. म्हणून बुकिंग करताना सरळ विचारा: खोली रस्त्याकडे की आतल्या चौकाकडे? चौकाकडची असेल तर झोप लागेल. रात्री दहा ते सहा शांतता पाळायची असते आणि शेजारी ती पाळायलाही लावतात.

दुसरं, मजल्यांचा हिशोब. जुन्या इमारतीत तळमजला, मग उंच तळमजला, मग मेझानिन (मधला मजला) आणि त्यानंतर ‘पहिला’ मजला सुरू होतो. आमचं घर कागदावर तिसऱ्या मजल्यावर होतं, पायांना ते पाचव्यावर असल्याचं कळलं. लिफ्ट नव्हती. प्रत्येक मजल्यावर जिन्यापाशी बिडाचं छोटं बेसिन, भिंतीत नळ. घराघरांत पाणी नव्हतं तेव्हा सगळा मजला तिथे पाणी भरायचा आणि गावभरच्या गप्पाही तिथेच. आईने ते पाहिलं आणि म्हणाली, ‘अगं, ही तर आपली गिरगावातली चाळ!’ पण तिचे गुडघे या जिन्याला कंटाळले.

म्हणून तिला आणि बाबांना पुढच्या मुक्कामासाठी बाविसाव्या जिल्ह्यात, काइझरम्यूलेनला नेलं. संयुक्त राष्ट्रसंघाचं कार्यालय आहे तो भाग. नवीन उंच इमारती, लिफ्ट, गार खोल्या, यू-१ने दहा मिनिटांत श्टेफान्सप्लाट्झ आणि डॅन्यूबच्या काठाने फिरायला सपाट रस्ता. वयस्कर मंडळींसाठी मी हाच भाग सुचवेन. आईचं मत वेगळं: ‘घर छान आहे गं, पण खाली उतरलं की माणूस दिसत नाही.’

बाकीचे भाग थोडक्यात. पहिल्या जिल्ह्यात मित्रांपैकी एका जोडप्याने हौसेने राहून बघितलं. संध्याकाळी देखणं, पण खर्च भारी, रोजची दुकानं कमी आणि सकाळी घोडागाड्यांचा वास. लहान मुलं असतील तर दुसरा जिल्हा, लेओपोल्डश्टाट: प्राटर उद्यानाची मोकळी झाडी आणि तो जुना मोठा पाळणा जवळ, यू-१ आणि यू-२ दोन्ही. दहावा जिल्हा, फावोरिटेन, हाउप्टबानहोफमुळे रेल्वेप्रवासाला सोयीचा आणि स्वस्त. स्टेशनाजवळच्या नव्या इमारती निर्धास्त घ्या. याच जिल्ह्यातल्या रॉयमानप्लाट्झ चौकाच्या बाजूला २०२४मध्ये शस्त्रबंदीचं क्षेत्र जाहीर झालं. दिवसा तिथल्या टिची या दुकानात आइस्क्रीम खायला जरूर जा, पण बायकामाणसांना घेऊन रात्री उशिरा तिथे परतायचं असेल तर मी दुसरीकडे बघेन.

खासगी घर भाड्याने घेताना एक नियम: जुलै २०२४पासून व्हिएन्नात खास परवानगीशिवाय घर वर्षाला ९० दिवसांपुरतंच पर्यटकांना देता येतं. ऐनवेळी बुकिंग रद्द होण्याचे प्रकार यातूनही होतात, तेव्हा मालकाला विचारून घ्या. नातेवाइकांकडे तीन दिवसांहून जास्त राहणार असाल तर पालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते. फॉर्म एकपानी आहे, सही घरमालकाची किंवा तुम्हाला ठेवून घेणाऱ्याची. हॉटेलात ते काम हॉटेलवालेच करतात.

आणि विमानतळ शहराच्या तिकीट-क्षेत्राबाहेर येतो. शहराचा पास खिशात असला तरी हद्दीपुढचं जादा तिकीट काढा. स्टेशनांवर फाटक नाही म्हणून कुणी बघत नाही असं समजू नका, तपासनीस साध्या कपड्यांतही फिरतात. हिरव्या रंगाची खास विमानतळ-गाडी महाग पडते. एस-७ ही लोकल थोडी जास्त वेळ घेते पण पैसे वाचवते, आणि हाउप्टबानहोफजवळ राहिलात तर लांब पल्ल्याची रेलजेट गाडी पंधरा मिनिटांत थेट विमानतळाच्या खालीच पोचवते.