तीन रॉड, 20,750 रुपये आणि उलटं बसवलेलं रील

मासे धरायचे रॉड चॅटवरून मागवायला गेलो आणि 20,750 रुपये गेले. घरात फक्त बायकोला माहीत आहे, आप्पांना सांगायचं धाडस अजून होत नाही. तरी लिहितोय, कारण तो विकणारा माणूस कोल्हापुरातल्या गळवाल्या पोरांनाच गाठतोय.

मी नवखा नाही, हे आधी सांगतो. पंचगंगेवर बांबूच्या काठीनं गळ टाकत मोठा झालो. चार वर्षं मरळ माशाच्या मागं आहे. अमेरिकेत बास माशाला जी तंत्रं वापरतात ती मरळीला बरीचशी चालतात, तीही पाणवनस्पतीत दबा धरून बसते. पण एका रॉडवर सगळं होत नाही. जलपर्णीवरून रबरी बेडूक ओढायचा तर सात फुटी हेवी कास्टिंग रॉड, त्यावर 7:1 चं (मूठ एकदा फिरवली की सात वेढे ओढणारं) बेटकास्टर, म्हणजे रॉडच्या वर बसणारं रील, आणि 50 पौंड ताण सोसणारी विणलेली ब्रेड दोरी. मासा वेलीत घुसायच्या आत उपसावा लागतो. क्रँकबेटला, म्हणजे माशाच्या आकाराच्या टणक आमिषाला, मधनं वाकणारा मऊ रॉड आणि 5:1 चं सावकाश रील, नाहीतर बारीक गरी तोंडातून फाटून निघते. हलक्या रबरी अळीला स्पिनिंग रॉड आणि 2500 मापाचं रील.

हे तिन्ही सेट तो माणूस 18,600 ला देतो म्हणाला. "दादा, झाडी किती आहे? बेडूक किती ग्रॅमचा टाकता?" असं दुकानदारसुद्धा विचारत नाही हो. माझा विश्वास तिथंच बसला. कुणाचाही बसला असता. 1,000 टोकन दिले, फोटो आल्यावर 8,300, पॅकिंग झालं म्हणून 9,300, आणि शेवटी पार्सलच्या विम्याचे 2,150, "ते परत मिळतात दादा". परत मिळणारे पैसे आधी कुणी मागितले की तिथंच फोन ठेवा.

आणि तो फोटो. बेडकाच्या रॉडचा म्हणून पाठवलेला. मुठीखाली ट्रिगर (बोट अडकवायची खुंटी), बारीक कड्या, म्हणजे रॉड कास्टिंगचाच. पण त्यावर रील होतं स्पिनिंगचं! जे रॉडच्या खाली लोंबतं, ते वर बसवलेलं. दांड्यावरचे आकडे मी मोठे करून वाचले, मीडियम लाइट, म्हणजे हलक्या ताकदीचा. असल्या रॉडनं जलपर्णीतली मरळ उपसतच नाही. मला हे दिसलं होतं. मी विचारलंसुद्धा! तो म्हणाला, "फोटो काढणाऱ्या पोरानं बसवलंय दादा, त्याला काय कळतंय." मी ते ऐकून घेतलं. रात्री साडेअकराला, दिवसभराचं काम करून आलेला माणूस किती खोदून विचारणार? पण तेव्हा 9,300 आणि 2,150 अजून माझ्याच खात्यात होते, हे डोक्यातून जात नाही. रॉड हातात धरून त्यावरचे आकडे व्हिडिओत दाखवायला लावा. नाही म्हणाला तर सोडा.

पार्सल आलं. आत एकच घडीचा रॉड आणि प्लास्टिकचं रील. बाजारात 450 ला मिळतं.

ते आलं हीच त्याची चलाखी, हे पोलीस ठाण्यात कळलं. "वस्तू मिळाली ना? मग ही फसवणूक नव्हे, ग्राहक आयोगात जा." तीन सेटचे पैसे घेऊन 450 चा माल पाठवला, ही फसवणूक नाही तर काय आहे? दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्तात. तिसऱ्या दिवशी म्हणे चॅटच्या प्रिंट आणा. 62 पानं काढून नेली, तर आता बँकेचं पत्र आणा! बँकेत गेलो तर, "पिन तुम्ही स्वतः टाकलाय, आम्ही काही करू शकत नाही, पोलिसांचं पत्र आणा." दोन कचेऱ्या एकमेकींचं पत्र मागतायत आणि मी अर्ध्या पगारी रजा टाकून मधे फिरतोय. एका हवालदारानं तर विचारलं, मासे धरायला एवढे पैसे कशाला लागतात? माझ्या कष्टाचे पैसे आहेत, मी कशावरही खर्च करीन.

तुमच्यावर वेळ आली तर ठाण्याआधी 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, त्याच तासात. मी पार्सलची वाट बघत नऊ दिवस घालवले, तोवर त्याचं खातं रिकामं. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, माझ्याकडं तो नाही. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. हे मला ठाण्यात कुणी सांगितलं नाही, तिथं नुसतं जा म्हणाले. तक्रार टाकली आहे.

काल रात्री कळंब्याच्या एका पोरानं मला फोटो पाठवला, घेऊ का म्हणून. विकणाऱ्याचं नाव वेगळं, भाव 16,900. रॉड तोच, ट्रिगरवाला, आणि स्पिनिंगचं रील तसंच वर.