खोकी मीच त्याला नेऊ दिली

किचनच्या दिव्यांपायी एकूण ३०,५०० रुपये गेले. त्यातले २०,००० मी स्वतःच्या हाताने यूपीआयने पाठवले आणि उरलेले १०,५०० रोख दिले, पाकिटात घालून, वर चहा-पोहे. आकडा आधीच सांगून टाकते, नंतर लाज वाटेल. मी एका कंपनीत अकाउंट्स बघते. व्हाउचरवर सही नसेल तर साहेबांचेसुद्धा पैसे अडवून ठेवते. म्हणूनच हे लिहायला एवढे दिवस लागले.

पाडव्याआधी किचन नवं केलं. ओटा, ट्रॉल्या ओळखीच्या सुताराने केल्या, त्यात काही तक्रार नाही. राहिले दिवे. भाजी चिरताना आपल्याच डोक्याची सावली ओट्यावर पडते, म्हणून वरच्या कपाटांखाली प्रोफाईल लाईट (अॅल्युमिनियमच्या पट्टीत बसवलेले एलईडी) आणि छताला चार पॅनल असं ठरलं. सोसायटीच्या ग्रुपवर एकीने नंबर दिला. माणूस आला, पेटी उघडली, तीन पट्ट्या लावून दाखवल्या. ३००० केल्विनची पिवळी, ६५०० ची निळसर पांढरी आणि मधली ४००० ची. "मॅडम, किचनला मधलीच घ्या. आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, नव्वदच्या वर हवा, नाहीतर अन्नाचा रंग मरतो." यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं आणि माझा संताप त्याचाच आहे. अडाण्याने फसवलं असतं तर एवढं लागलं नसतं. या गृहस्थाला काय द्यायला हवं ते नीट माहीत होतं, आणि ते न देता त्याने दुसरंच लावलं.

हिशोब असा: प्रोफाईल पट्टी २२ फूट, ६५० रुपये फुटाने १४,३००. दोन ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारे डबे, ४,४००. चार पॅनल ५,८००. हात हलवला की लागणारा सेन्सर १,८००. मजुरी ४,२००. "बिल हवं असेल तर मालावर अठरा टक्के जीएसटी पडेल." माल २६,३०० चा, म्हणजे ४,७३४ रुपये. मी म्हटलं, राहू दे. आता वाचणारे नाकं मुरडतील. खुशाल मुरडा, पण तुमच्याकडच्या रंगाऱ्याचं पक्कं बिल आधी दाखवा. कच्च्या कागदावर त्याने 'पाच वर्षे वॉरंटी' असं लिहून शिक्का मारला. शिक्क्यावर फक्त नाव आणि मोबाईल. पैसे पाठवताना स्क्रीनवर कुणा बाईचं नाव आलं. "मिसेसचं खातं आहे." मी मान डोलावली. अहो, अकाउंट्समधली बाई मी, आणि मी मान डोलावली!

पण खरी जागा ती नव्हे. खरी जागा खोक्यांची. काम करायला दोन मुलं आली. माल पिशवीतून निघत होता, खोकी आधीच फोडलेली. कंपनीचं नाव खोक्यावर ठसठशीत, हातातल्या वस्तूवर मात्र नुसतं पांढरं स्टिकर, त्याच्या एका कोपऱ्याला हवेचा फुगा. तो फुगा मी अंगठ्याने दाबून बसवला. होय, मीच. घर नवं, सगळं सरळ दिसायला हवं! काम संपल्यावर मुलांनी ओटा पुसला, केर काढला आणि रिकामी खोकी घडी करून पिशवीत भरली. "ताई, कचरा आम्हीच नेतो." मी सासूबाईंना म्हटलं, बघा, किती नीटनेटकी मुलं. संध्याकाळी ग्रुपवर पाच स्टार आणि नमस्काराचे हात टाकले. तीच खोकी पुढच्या घरी गेली असणार, नवीन नकली माल भरून.

लक्षात ठेवा, खोकं तुमच्यासमोर फुटलं पाहिजे आणि तुमच्याच घरात राहिलं पाहिजे.

पुढचे पाच महिने वेगळीच गंमत. आमच्या ओट्यावर कोथिंबीर कायम शिळी दिसायची. टोमॅटो तपकिरी, दुधी राखाडी. मी दारावरच्या भाजीवाल्याशी दोनदा भांडले आणि दोन जुड्यांचे चाळीस रुपये कापून घेतले. सासूबाई म्हणाल्या, खिडकीत नेऊन बघ. खिडकीत हिरवीगार. मी म्हटलं, आई, तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. (त्यांनी हे अजून सोडलेलं नाही.)

गौरीजेवणाच्या आदल्या रात्री पुरण वाटत असताना उजवीकडची पट्टी लुकलुकायला लागली. मग प्लास्टिक जळल्याचा वास. मेन स्विच बंद केला, ह्यांनी स्टुलावर चढून कपाटावरचा ड्रायव्हर ओढला, तर त्याची एक बाजू मेणासारखी वाकलेली आणि मागच्या प्लायवर काळा डाग. पुरण मेणबत्तीवर वाटलं. फोन लावला: स्विच ऑफ. आजतागायत स्विच ऑफ.

सण झाल्यावर ड्रायव्हर आणि पट्टीचा तुकडा पिशवीत घालून पुण्यातल्या इलेक्ट्रिकच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेले. एका जुन्या दुकानातल्या काकांनी काही न बोलता एका हातात माझा ड्रायव्हर दिला आणि दुसऱ्या हातात त्याच कंपनीचा खरा. "हातात धरा, बास." माझा रिकाम्या काडेपेटीसारखा. वर लिहिलंय ६० वॉट. उघडून म्हणाले, तीस झेपले तरी नशीब. पट्टीच्या चॅनलवर नखाने ओरखडा काढला, चंदेरी रंग निघाला आणि खाली पांढरं प्लास्टिक. अॅल्युमिनियमची प्रोफाईल दिसायला छान म्हणून नसते, एलईडीची उष्णता तिच्यातूनच बाहेर पडते. प्लास्टिकमध्ये ती कोंडते, दिवे आधी मंदावतात, मग मरतात. ६५० रुपये फूट प्लास्टिकचे दिले मी.

एलईडी ड्रायव्हरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक असतो, आर आणि पुढे आठ आकडे. मोबाईलमध्ये 'बीआयएस केअर' अॅप घाला, क्रमांक टाका, पैसे देण्याआधी. मी नंतर टाकला. अशी नोंदच नाही.

आता दाद मागायची गोष्ट. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन: मॅडम, खोक्यावरचा बॅच नंबर सांगा. खोकं नाही. मग आम्ही काही करू शकत नाही. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या संमतीने झालाय. पैसे ज्या बाईंच्या खात्यात गेले त्यांचं नाव विचारलं तर, ती माहिती गोपनीय आहे! नाव मला दिसतंय, माझ्याच स्क्रीनवर, ते गोपनीय?

चौकीत पहिल्या दिवशी सांगितलं, गणपतीचा बंदोबस्त आहे, विसर्जनानंतर या. विसर्जनानंतर गेले तर साहेब राउंडला. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले. सगळं ऐकून म्हणाले, "पाच महिने लाईट लागला होता ना? मग फसवणूक कुठली?" भारतीय न्याय संहितेचं ३१८ वाचून गेले होते, जुनं ४२०. ते म्हणताच त्यांचा चेहरा बदलला. ही दिवाणी बाब आहे. बरं, अर्ज तरी घ्या. मग हद्द निघाली. त्या माणसाने दिलेल्या कार्डावरचा दुकानाचा गाळा दुसऱ्या चौकीत येतो. दुसऱ्या चौकीने सांगितलं, पैसे घरून पाठवलेत ना, मग पहिल्या चौकीत जा. गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं विकतात. त्या पोराला काहीच माहीत नाही, आणि मी त्याच्यावरही ओरडले. सहा खेपा, दोन अर्ध्या रजा, पोच शिक्क्यासह एकच कागद, तोही हवालदाराने दया येऊन दिलेला. कुणी हसत नव्हतं, पण दिव्यासाठी बाई एवढी धावतेय, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर. अहो, प्लाय जळलाय माझा! आग लागल्यावरच नोंद घेणार का?

जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला वकील लागत नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. ती मी करणार आहेच. अडचण एकच, नोटीस पाठवायची कुठे? पत्ता पक्क्या बिलावर असतो. ते ४,७३४ रुपये वाचवले ना मी.

नव्याने सगळं बसवलं, १७,८६० रुपये, जीएसटीसकट. ड्रायव्हर आता कपाटावर कोंडलेला नाही, हात पोचेल अशा उघड्या जागी आहे. खोकी लॉफ्टवर, वर तारखेची चिठ्ठी. ग्रुपवरचे माझे पाच स्टार मी काढायला गेले तर मेसेज जुना झालेला, डिलीट होईना. खाली दोघींनी नंबर मागितलेला. एकीचं काम झालंय, तिचे दिवे अजून चालू आहेत आणि ती माझ्याशी नीट बोलत नाही.

कोथिंबीर आता हिरवी दिसते. भाजीवाल्याचे चाळीस रुपये अजून द्यायचे आहेत, कारण द्यायचे म्हणजे त्याला कारण सांगावं लागेल.